एका गजात सोळा सूर

थंडी पडली की माझा उजवा कोपर अजून ठणकतो. ठणकला की आधी मला सरांचा राग येतो, मग स्वतःचा येतो, आणि शेवटी कुणाचाच धड येत नाही. वयाच्या चाळिशीत व्हायोलिन हातात घेणाऱ्या बाईचं काहीतरी दुखणारच, असं आमच्या घरचे म्हणतात. पण हे दुखणं वयाचं नाही. ते मी आठ महिने रोज घासून घासून कमावलेलं आहे, आणि तेही एका ओळीसाठी.

ती ओळ आधी सांगते. सरांनी मला शिकवायला घेतलेल्या एका रचनेच्या शेवटच्या पानावर सोळा सूर होते. सोळांच्या डोक्यावर मिळून एकच कमान आणि प्रत्येक सुरावर एक ठिपका. कमान म्हणजे सगळे सूर एकाच गजात, बोच्या एकाच ओढीत, आणि ठिपका म्हणजे प्रत्येक सूर वेगळा कापून. गज टोकापासून मुठीकडे, म्हणजे वर, सरकत जाणार. तो तारेवरून उचलायचा नाही, आणि तेवढ्या एका प्रवासात सोळा वेळा थांबायचं. चालायचंही आणि थांबायचंही. पुस्तकात त्याला अप-बो स्टॅकॅटो म्हणतात. सर नुसतं 'तुकडे' म्हणायचे. "हां, आता वर जाताना तुकडे कर."

मला ती ओळ हवी होती. का हवी होती ते मला आजही धड सांगता येत नाही. वीस वर्षं मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे. टेबलावर उजेड असतो, टॉवेल पुढे सरकत राहतो, आणि ओढला गेलेला धागा किंवा गाठ दिसली की माझा हात त्यावर जाऊन पडतो. दोष मला शोधावा लागत नाही, तो आपण होऊन नजरेला टोचतो. या सवयीपायी मी घरात आणि नात्यात नकोशी झालेली आहे. लग्नात नवरीच्या शालूत चुकलेला धागा मला दिसतो आणि तोंड गप्प बसत नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला आपल्या हातून एक तरी गोष्ट बिनचूक व्हावी असं वाटत असेल. तेवढंच असेल.

सर रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. तरुणपणी होटगीला नेमणूक असताना तिथल्या एका म्हाताऱ्या गार्डकडून ते व्हायोलिन शिकले, उभं राहून हनुवटीखाली धरायचं, कागदावरच्या खुणा वाचून वाजवायचं. भवानी पेठेत पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ते आणि काकू राहतात. पुढच्या खोलीत शिकवणी. पाच-सहा शाळकरी मुलं आणि त्यांच्यात मी, चष्मा लावून. शिकवताना सर खुर्चीत बसत आणि उजवा हात मांडीखाली दाबून ठेवत. मला वाटायचं, असते एकेकाची बसायची तऱ्हा. काकू चहा आणायच्या तो माझ्यापुरताच. सर म्हणायचे, "मी मागनं घेतो, तू घे की."

वही उघडून ती ओळ दाखवली तेव्हा मी विचारलं, "सर, हे वाजतं कसं? दाखवा ना एकदा."

ते खिडकीकडे बघत बसले. मग उठले, आपलं व्हायोलिन घेतलं, गजाचं टोक तारेवर ठेवलं. आणि तेलात मोहरी टाकावी तसं झालं. तड तड तड तड, बघता बघता गज वर जाऊन संपला. माझ्या हातातली वही खाली पडली. खरंच पडली, उगाच सांगत नाही. मी तोवर मोबाईलवर परदेशातल्या लोकांचं असलं वाजवणं पाहिलं होतं, पण ते काचेच्या आतलं. इथे माझ्यासमोर, भवानी पेठेत, बनियनवर शर्ट घातलेला एक म्हातारा माणूस हे करत होता, आणि खाली गल्लीत भंगारवाला ओरडत होता. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"परत, सर."

"एकदा ऐकलं की पुरं," म्हणाले, आणि हात मांडीखाली.

त्यानंतर आठ महिने मी त्या आवाजाच्या मागे लागले. सरांनी शिकवलं होतं ते फार सावकाश होतं. एक सूर घे, थांब, हात सैल सोड, श्वास घे, मग दुसरा. "घाई नको. हात सैल पायजे, लई सैल." मला ते ऐकू येत होतं, पण पटत नव्हतं. ज्याने आत्ता मोहरी तडतडवली तोच माणूस मला मुंगीच्या पावलांनी चालायला सांगतो, म्हणजे हे मला पोरांच्यात मोजतात, असं मी ठरवून टाकलं. दर पंधरा दिवसांनी मी हट्ट करायची, एकदा दाखवाच. ते नाही नाही म्हणायचे आणि मग दाखवायचे.

एकदा मी गुपचूप मोबाईलवर त्यांचं वाजवणं घेतलं. घरी येऊन ते हळू करून ऐकलं आणि मोजलं, कारण मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. सोळा सूर असायला हवे होते, एकोणीस निघाले. पुढच्या वेळी पुन्हा घेतलं, चौदा भरले. दोन जागी सूर एकमेकांना चिकटलेले, एके ठिकाणी मध्येच मोठी फट. हेच कापडात असतं तर मी डोळे झाकून तो पीस सेकंडमध्ये, म्हणजे खोटीच्या मालात, टाकला असता. पण हे सरांचं होतं. मी दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावले आणि स्वतःला दटावलं, की बाई, गुरूच्या हातात तू कोण खोट काढणार? मोठ्यांचं काही निराळं असतं, ते आपल्याला कळायचं नाही. वीस वर्षांच्या नोकरीत मी एवढा मोठा दोष पुढे सोडलेला नाही.

मी काय केलं, तर त्यांचा हात बघितला. वाजवताना त्यांचा कोपरापासून खालचा हात आवळलेला असायचा, शिरा वर यायच्या. म्हणजे गुपित तिथं होतं! तोंडाने सैल सांगतात आणि करताना आवळतात. मीही आवळायला लागले. रोज सकाळी कामावर जायच्या आधी, कुकरच्या शिट्ट्यांच्या जोडीला. मूठ दाबायची, कोपर कडक करायचा आणि हाताला कंप सुटेपर्यंत ताण द्यायचा. सासूबाई आमच्या घरच्या तेलुगूत विचारायच्या, मशीन बिघडली का गं? मी अजून जोर लावायची. कधी कधी पाच-सहा सूर तडतडून जायचे आणि मी दिवसभर हवेत.

मग कोपर दुखायला लागला. आधी पोळ्या लाटताना, नंतर स्कूटीचा ब्रेक दाबताना. एक दिवस कारखान्यात टॉवेलची थप्पी उचलली आणि ती हातातून निसटून सगळ्यांच्या देखत जमिनीवर पडली. सुपरवायझरने फक्त माझ्या हाताकडे बघितलं. ते बघणं मला ओळखीचं होतं. आम्ही कापडाकडे तसं बघतो.

डॉक्टरांनी कोपरावर एका जागी अंगठा दाबला आणि मी टेबलावरून उठलेच.

"हाताने काय करता?"

"टॉवेल चेक करते."

"अजून?"

मग सांगितलं. ते हसले नाहीत, हे बरं केलं. म्हणाले, तीन आठवडे सगळं बंद, आणि ते वाजवणं असंच चालू ठेवलंत तर हा हात नोकरीच्या कामाचा राहणार नाही. मी बाहेर येऊन स्कूटीवर बसले तर किल्ली लावायचं सुचेना. एका ओळीसाठी मी पोटाचा हात पणाला लावून बसले होते आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं.

तशीच भवानी पेठेत गेले. माझी वेळ नव्हती, फोनही केला नाही. दुपारचे तीन वाजले असतील. जिना निम्मा चढले आणि वरून तो आवाज आला. तोच, तोच वेग. व्हायोलिनचा नव्हता, कोरडा होता, पण आठ महिने ज्याच्यासाठी कान तयार केले तो आवाज मी कुठेही ओळखला असता. मला वाटलं, सर तारेविना काहीतरी सराव करतायत, आज आपल्याला चोरून बघायला मिळणार. मी कठड्याला धरून उभी राहिले आणि, आता हसू येतं, मोजायला लागले. बारा, सोळा, वीस. आवाज थांबेना. तीस, चाळीस. एवढा लांब गज जगात नसतो.

दार उघडंच होतं. सर खाटेच्या कडेला बसले होते, मान वर करून. काकू समोर वाकून त्यांच्या शर्टाची बटणं लावत होत्या, लहान मुलाला लावतात तशी, वरून खाली. सरांच्या डाव्या हातात चष्मा होता. उजव्या हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र होतं, आणि ते त्याच वेगाने फडफडत होतं. खोलीत पंखा बंद होता.

मी तशीच उभी. मला आधी काहीच कळलं नाही, आणि मग सगळं एकदम कळलं. मांडीखालचा हात, मागून घेतलेला चहा, एकोणीस सूर, चौदा सूर. गेली पाच वर्षं मी त्या खोलीत येत होते आणि सरांना एकदाही लांब, सरळ गज ओढताना पाहिलं नव्हतं. "मोठा बो तू घे, मी ऐकतो," असंच म्हणायचे.

काकूंनी मला बघितलं आणि शेवटचं बटण तसंच सोडून आत गेल्या.

"आलीस व्हय? बस की," सर म्हणाले. वर्तमानपत्र त्यांनी मांडीखाली सरकवलं, हाताबरोबर.

"सर, हे कधीपासून?"

"सहा वर्षं झाली. धरलं काय, उचललं काय, की सुरू होतंय. गोळी दिलीय डॉक्टरनं, ती घेतली की नुसती झोप येतीय."

"म्हणजे ते तुकडे..."

"तुकडे न्हाईत ते. हात हलतोय. वर जाताना बो दाबून धरला की हात आपला आपण कापत जातोय. मी फक्त वर न्यायचं काम करतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हातातली डॉक्टरची चिठ्ठी मी त्यांच्यापुढे धरली आणि आवाज चढवला. गुरूपुढे आवाज चढवायची माझी पहिलीच वेळ. "आठ महिने मी तुमचं बघून हात आवळतेय, सर! हा हात गेला तर मला कारखान्यात कोण ठेवणार? एक शब्द सांगता आला नाही तुम्हाला?"

"सैल सोड म्हनत हुतो की."

"आणि स्वतः दाखवत होतात ते?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. आत काकूंच्या भांड्यांचा आवाज थांबला होता. मग त्यांनी जे सांगितलं, त्याने मला बटणं बघून बसला नव्हता तेवढा धक्का बसला. म्हणाले, "हात चांगला हुता तवा मला हे कधीच आलं न्हाई. चाळीस वर्षं केलं. गार्डसाहेबाला यायचं, मला आलं न्हाई. बाकी सगळं आलं, लांब बो तर असा यायचा की लोकं गप बसायची. तेवढं एक आलं न्हाई. आणि हात बिघडला, बाकी सगळं गेलं, आणि हे आलं. तू वही खाली पाडलीस बघ त्या दिवशी. माझं वाजवणं ऐकून कुणाच्या हातनं वही पडली नव्हती कधी. मला बरं वाटलं. म्हनून दाखवत गेलो."

मी चिठ्ठी पर्समध्ये घातली आणि जिना उतरले. पाया पडले नाही. दर वेळी पडत असे.

तीन आठवडे कोपराला पट्टा लावून मी टेबलावर बसले आणि सगळ्यांवर खेकसले. चांगले टॉवेल सेकंडमध्ये टाकले, सुपरवायझरने ते परत काढले. राग सरांवर होता, त्यांनी मला फसवलं म्हणून. पण राग टिकेना. फसवलं म्हणावं तर दोष माझ्या मोबाईलमध्ये मोजून ठेवलेला होता, आकड्यांनिशी. मला तो हवा होता तसा मी पाहिला. आणि एक गोष्ट राहून राहून आठवायची. मी दारात आले तेव्हा त्यांनी लाजून लपवला तो हात, आणि मी मात्र त्याच हाताची रोज सकाळी कुकरसमोर नक्कल करत होते. ही आठवण आली की मला कापड दिसायचं बंद व्हायचं.

पट्टा निघाल्यावर एका सुट्टीच्या सकाळी मी घरी व्हायोलिन काढलं. एक सूर, थांबायचं, हात सैल, श्वास. मुंगीच्या पावलांनी. तीन सूर आले, दुखलं नाही. आज सहा येतात, कधी सात. सोळा येतील असं मी कुणाला सांगत नाही.

त्याच दिवशी सरांकडे गेले. मुलं नव्हती. आत काकू भाकऱ्या थापत होत्या, थप थप ऐकू येत होतं. मी आल्याचं त्यांना कळलं असावं, पण त्या बाहेर आल्या नाहीत. सर खुर्चीत होते, हात मांडीखाली. मी पाया पडले.

"सर, मला तुकडे नकोत. लांब गज शिकवा."

"कसा शिकवू? दाखवायला नगो?"

"तुमचा डावा हात बरा आहे ना?"

त्यांना कळेना. मी त्यांचं व्हायोलिन पेटीतून काढून त्यांच्या हनुवटीखाली दिलं. डाव्या हाताने त्यांनी ते सवयीने धरलं, बोटं तारेवर बसली. मी त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहिले आणि गज हातात घेतला. त्यांचं व्हायोलिन, त्यांची बोटं, माझा गज. मला स्वतःला हे करताना फार विचित्र वाटलं. कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं.

"वाकडा चाललाय," सर पहिल्याच ओढीला म्हणाले. "मुठीकडं जाताना मनगट बघ. परत." पाच वर्षांत ते माझ्याशी असं कडक बोलले नव्हते. मी परत ओढला. "अजून हळू. अजून. सोडू नको." आणि मग तो सूर आला. टोकापासून मुठीपर्यंत, एकसारखा, कुठेही न तुटता. त्यांच्या बोटाने तारेवर जो हलका डोल दिला तो मी त्यांच्याकडून कधी ऐकलाच नव्हता. मी ऐकायच्या नादात श्वास घ्यायला विसरले. त्यांनी बोट सरकवलं, दुसरा सूर आला, मग तिसरा. सरांनी डोळे मिटले होते.

आतली थप थप थांबली. तव्याजवळून काकू धावत आल्या, कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ, पदर कुठल्या कुठे. ती बोटं त्यांनी त्या स्वयंपाकघरात बसून जन्मभर ऐकलेली होती, आणि सहा वर्षं ऐकलेली नव्हती.

"अवो, हात थांबला की तुमचा!"

त्या हसत होत्या. एवढं मोठं हसू मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांची नजर गजावरून माझ्या हाताकडे आली, आणि तिथून खाली, सरांच्या मांडीकडे. वाजवताना सरांचा उजवा हात सुटून मोकळा झाला होता. तो हलत होता.

"तिचा हाय हात," सर म्हणाले.

काकूंचं हसू लगेच गेलं नाही. त्याला जायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ मी गज हवेत धरून उभी होते, कुठे ठेवू ते न कळून. मग त्या पिठाचे हात पुढे धरून तशाच उंबऱ्यावर बसल्या. भाकरी करपल्याचा वास यायला लागला होता, पण त्या उठल्या नाहीत.

"वाजवा की मग," म्हणाल्या. "थांबलात कशाला?"

सरांनी बोटं पुन्हा तारेवर ठेवली. मला गज टेकवायला बराच वेळ लागला.